रोही, रानडुक्कर आणि एल्क : रायफलची गोळी निवडताना

प्रश्न रावेर तालुक्यातल्या एका तरुण शेतकरी भावाचा आहे. त्यांच्याकडे वडिलांची ३१५ बोअरची रायफल वारसाने आली आहे. मक्यात आणि हरभऱ्यात रोही आणि डुकरं धुडगूस घालतात, म्हणून वनखात्याकडे अर्ज दिला आहे. परवानगी मिळाली तर काडतूस कोणतं वापरावं, हा पहिला भाग. दुसरा भाग त्यांच्या चुलतभावाचा. तो कोलोरॅडोत स्थायिक आहे, तिथे त्याने ३०-०६ बोअरची रायफल घेतली आहे आणि यंदा म्यूल डिअर (तिकडचं हरीण) व एल्क (तिकडचं सांबरासारखं पण फार मोठं हरीण) या दोन्हींचं लायसन्स काढणार आहे. दुकानात काडतुसांच्या खोक्यांची अख्खी भिंत आहे, त्यातलं काय उचलू, असं तो विचारतो.

भाऊ, दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे, म्हणून उत्तरही एकत्रच देतो. माझी नोकरी वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत काडतुसांच्या तपासणीत गेली. शेती चोपड्याकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी. वनखात्याची लेखी परवानगी असेल तेव्हा पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावरांच्या बंदोबस्ताला मला बोलावतात. त्या अनुभवावरून सांगतो : लोक आधी बोअर, म्हणजे नळीचं माप, विचारतात, मग गोळीचं वजन, मग कंपनी. मी उलट्या बाजूने जातो. गोळी जनावराला लागेल त्या क्षणी तिचा वेग किती असेल आणि तिच्यासमोर किती जाड हाडमांस असेल, हे आधी ठरवायचं. त्यावरून गोळीची बांधणी ठरते. बोअर आणि कंपनी सगळ्यात शेवटी.

त्याआधी कायद्याचं, कारण आपल्याकडे तेच चुकलं तर पुढचं सगळं फुकट. आपल्या देशात वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा आहे आणि शिकारीला बंदी आहे. पारावर बसून आजोबांच्या काळातल्या सांबराच्या गोष्टी ऐकायला हरकत नाही, पण तो काळ संपला. तुमच्यासाठी वाट उरते ती कलम ११ ची. उभ्या पिकाची नासधूस करणारं जनावर अनुसूची दोनमधलं असेल तर अधिकृत अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. रोही आणि रानडुक्कर २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्या अनुसूचीत आहेत. काळवीट आणि चिंकारा पहिल्या अनुसूचीत आहेत, पिकाच्या कारणावरून त्यांच्याकडे नळीसुद्धा वळवायची नाही. रात्री बॅटरीच्या उजेडात हा फरक वाटतो तितका सोपा नसतो. रोहीचा नर करडा-निळसर, ओळखायला सोपा. मादी तांबूस-पिवळट आणि बिनशिंगी असते, आणि जंगलालगतच्या वावरात सांबराची मादीही अशीच बिनशिंगी उभी राहते. खात्री नसेल तर बोट चापाच्या बाहेर ठेवा. मारलेलं जनावर सरकारच्या मालकीचं, त्यामुळे पंचनामा होईपर्यंत हात लावायचा नाही आणि मांस वाटायचं तर नावच नको. रायफलचा परवानाही तुमच्या स्वतःच्या नावावर झालेला हवा. वडिलांच्या परवान्यावर तुम्ही गोळी झाडू शकत नाही.

आता गोळीकडे येऊ.

काडतूस आणि गोळी यांत लोक घोळ करतात. पितळी केस, बुडातली टोपी, आतली दारू आणि टोकाला बसवलेली गोळी, हे सगळं मिळून काडतूस. जनावरापर्यंत जाते ती फक्त गोळी, आणि तिचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम, ७००० ग्रेनचा एक पौंड. ३०-०६ मध्ये सर्रास चालणारी १८० ग्रेनची गोळी ११.७ ग्रॅमची होते.

गोळीने जनावर मरतं ते मुख्यतः रक्तस्रावाने. फुप्फुसं आणि हृदय फाटलं की मेंदूचं रक्त काही सेकंदांत बंद होतं. जागच्या जागी कोसळलं असं जे सांगतात तिथे बहुतेक वेळा मणक्याला लागलेलं असतं, आणि तो बहुधा नेम चुकून वर गेल्याचा परिणाम असतो. म्हणजे गोळीची कामं दोन. छातीच्या पोकळीपर्यंत पोचायचं, आणि पोचल्यावर रुंद जखम करायची. ही दोन कामं एकमेकांच्या विरोधात आहेत, आणि सगळी निवड तिथेच अडते. गोळी लवकर उमलली तर जखम रुंद होते पण ती खोल जात नाही. उमललीच नाही तर आरपार जाते, बारीक भोक पाडते, जनावर शेजारच्या गावापर्यंत पळतं आणि तिथे तडफडून मरतं.

सैन्याची गोळी पूर्ण जॅकेटची असते, म्हणजे शिशावर टोकापर्यंत धातूचं कवच. ती मुद्दामच न उमलणारी केलेली असते. १८९० च्या दशकात कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात टोक उघडं ठेवलेल्या गोळ्या बनल्या, त्यावरून जगभर गदारोळ झाला आणि १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने युद्धात उमलणाऱ्या गोळ्या वापरायला मनाई झाली. शिकारीत नियम बरोबर उलटा आहे. बऱ्याच ठिकाणी मोठ्या जनावरावर न उमलणारी गोळी झाडणंच बेकायदा आहे, कारण जनावराचे हाल होतात. म्हणून ‘मिलिटरीची गोळी पॉवरफुल’ असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. आजच्या आपल्या सैन्याचे बोअर नागरिकाला मिळतही नाहीत.

तुमच्या ३१५ ला कमी लेखू नका. हे मूळचं ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याचं ८ मिलिमीटर मॅन्लिखर घराण्यातलं एकोणिसाव्या शतकातलं काडतूस. आपल्याकडे ते खडकीच्या कारखान्यात बनत आलं आहे. केसच्या बुडावर इंग्रजीत केएफ अशी खूण दिसेल. २०२१ नंतर हे कारखाने म्युनिशन्स इंडिया या कंपनीत गेले, त्यामुळे नव्या खोक्यावर ते नाव असतं. सॉफ्ट नोजची गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे १५.८ ग्रॅमची, गोल नाकाची. वेग नळीच्या तोंडाशी सेकंदाला दोन हजार फुटांच्या आसपास. आजच्या मानाने हा वेग संथच. पण जाडीच्या मानाने ही गोळी चांगलीच वजनदार आहे. या गुणाला सेक्शनल डेन्सिटी म्हणतात : वजन पौंडात घ्यायचं आणि गोळीच्या इंचातल्या व्यासाच्या वर्गाने भागायचं. ३१५ च्या या गोळीचा आकडा ०.३३ च्या घरात येतो. ३०-०६ च्या १८० ग्रेनचा ०.२७, १५० ग्रेनचा जेमतेम ०.२३. बांधणी सारखी असेल तर आकडा मोठा म्हणजे गोळी खोल जाते.

आणि तो संथ वेगच इथे कामाला येतो. साधी सॉफ्ट नोज म्हणजे आत शिसं, बाहेर तांब्याच्या मिश्रधातूचं जॅकेट आणि टोकाला शिसं उघडं. शिसं जॅकेटला कुठेही जोडलेलं नसतं, नुसतं दाबून बसवलेलं असतं. ही बांधणी सतराशे-अठराशे ते चोवीसशे फुटांच्या दरम्यान लागली तर छान उमलते. त्याहून फार जोरात लागली, त्यात समोर खांद्याचं हाड आलं, तर शिसं आणि जॅकेट वेगळे होतात आणि गोळीचे तुकडे मांसातच थांबतात. ३१५ ची गोळी पन्नास मीटरवर लागली तरी त्या पट्ट्यातच असते.

एकदा यावल भागात परवान्यावर पाडलेल्या रोहीच्या नराचं शवविच्छेदन चालू होतं. गोळी डाव्या बाजूने पुढच्या पायाच्या मागून शिरली होती. पशुवैद्यक डॉक्टरांनी उजव्या बाजूला कातडीखाली बोटाने चाचपलं आणि ब्लेडने दोन बोटं लांबीची चीर दिली. आतून गोळी बाहेर आली. पुढचा भाग उमलून मागे वळलेला, कडा फाटलेल्या, मागचा अर्धा जसाच्या तसा आणि त्यावर नळीच्या आट्यांच्या तिरप्या रेघा. पंचनाम्यात वजन लिहायचं म्हणून गावातल्या सोनाराच्या काट्यावर तोलली, तर साडेअकरा ग्रॅम भरली. साधारण तीन चतुर्थांश वजन शिल्लक, एक बरगडी जाताना तुटलेली, एक येताना, दोन्ही फुप्फुसं गेलेली. साध्या सॉफ्ट नोजकडून याहून जास्त मागायचं कारण नाही. तरीही तो नर गोळी लागल्यावर नुसता दचकला, सात-आठ ढांगा चालला, थांबला आणि मग बसला. बाहेर रक्त म्हणाल तर ओंजळभरही नाही. रोहीच्या नराचं कातडं मानेला आणि छातीला इतकं जाड असतं की भोक आपोआप मिटतं. ‘लागली नाही वाटतं’ म्हणून लोक दुसऱ्या जनावरावर नळी फिरवतात, ते याच क्षणी.

तेव्हा ३१५ साठी उत्तर सरळ आहे : कारखान्याची सॉफ्ट नोज, ताजी, एकाच लॉटची, म्हणजे एकाच खेपेत बनलेली. अंतर शंभर मीटरच्या आत, आणि माझं ऐकाल तर सत्तरच्या आत. १०० मीटरवर नेम बसवलेली ही गोळी २०० मीटरवर वीतभर किंवा त्याहून जास्त खाली जाते, आणि रात्री वावरात अंतराचा अंदाज चुकतोच.

वडिलांच्या वेळची काडतुसं पेटीत असतील तर ती मात्र वापरू नका. एकेक काढून उजेडात बघा. केसच्या मानेला केसासारखी बारीक चीर, बुडाच्या टोपीभोवती हिरवट बुरशी, गोळी बोटाने फिरवली तर फिरते, यातलं काहीही दिसलं तरी ते काडतूस बाद. वरून चांगली दिसली तरी आपल्या भुसावळ-जळगावच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली वर्षानुवर्षं ४५ अंश सोसलेल्या दारूवर विसंबून जखमी डुकरासमोर उभं राहायचं नसतं. अशी काडतुसं पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे रीतसर जमा करा. आणि चाप ओढल्यावर नुसता ‘टक’ आवाज आला तर बोल्ट, म्हणजे नळीमागची खिट्टी, लगेच उघडायचा नाही. नळी मोकळ्या सुरक्षित जमिनीकडे धरून निदान एक मिनिट थांबायचं. जुनी दारू कधी कधी उशिरा पेटते.

आपल्याकडचा आणखी एक अघोरी उपाय म्हणजे गोळीचं नाक कानसीने घासणं किंवा त्यावर करवतीने फुली मारणं. ‘फुटते चांगली’ म्हणे. सॉफ्ट नोजची अशी छेड काढली तर गोळीचा तोल जातो आणि ती कुठेही जाते. पूर्ण जॅकेटच्या गोळीची काढली तर त्याहून वाईट. तिचं बूड उघडं असतं, टोक कापलं की दाबाने आतलं शिसं पुढे निघून जातं आणि रिकामं जॅकेट नळीत अडकून बसतं. पुढची गोळी झाडली की नळी फाटते. नळीला डावा हात धरलेला असतो, हे वेगळं सांगायला नको.

बारा बोअरच्या छर्ऱ्यांच्या बंदुकीबद्दल थोडक्यात. एलजी, म्हणजे मोठ्या मापाचे, छर्रे डुकरावर पंचवीस मीटरच्या आत चालतात, रोहीवर नाही. छर्रा गोल आणि हलका असतो, जाड कातड्यात त्याचा जोर संपतो. बावीस बोअर तर दोन्हींसाठी बादच. कोणी कानात मारून पाडल्याच्या बढाया मारील, तुम्ही मारू नका.

डुकराचं एक वेगळं आहे. मोठ्या नराच्या खांद्यावर कातडीखाली चिवट गादीसारखा थर असतो, आपापसातल्या झुंजीत सुळ्यांपासून वाचवणारा. वर आयाळ उभी असते, त्यामुळे अंग आहे त्यापेक्षा उंच दिसतं. नेम अंगाच्या मधोमध धरला की गोळी वर जाते आणि जनावर गुरगुरत केळीत शिरतं. डुकराचं हृदय खाली आणि पुढे, जवळजवळ पुढच्या पायांच्या मध्ये असतं. म्हणून नेम खालच्या तिसऱ्या भागात, पुढच्या पायाच्या लगत मागे. ३१५ ची जड गोळी त्या थरातून निघते. रोहीलाही तीच रेघ धरायची, फक्त त्याची पाठ उतरती आणि खांदा उंच असल्याने डोळा फसतो, म्हणून पायाच्या रेषेत वर जाऊन खालून एक तृतीयांशावर थांबायचं.

जनावर आडवं उभं असताना साधी गोळीसुद्धा चालते. तिरपं, तोंड पलीकडे करून उभं असेल तर गोळीला बरगड्यांच्या मागून शिरून पुढच्या खांद्यापर्यंत जावं लागतं, म्हणजे दुप्पट अंतर, आणि रवंथ करणाऱ्या जनावराचं भरलेलं पोट वाटेत आलं तर ते ओलं गवत गोळी खाऊन टाकतं. मागून, शेपटीकडून उभं असेल तर झाडायचीच नाही, गोळी कितीही महाग असो.

इथून आता कोलोरॅडोला जाऊ, कारण तुमच्या भावाची अडचण नेमकी याच्या उलट आहे. ३०-०६ हे १९०६ सालचं अमेरिकन सैन्याचं काडतूस. १८० ग्रेनची गोळी त्यातून २७०० फुटांनी निघते, १५० ग्रेनची २९०० च्या वर. कॅटलॉगमध्ये दोन्हींसमोर ताकद लिहिलेली असते : एकीची साधारण २९०० फूट-पौंड, दुसरीची २८०० च्या वर. आकडे जवळजवळ सारखे, म्हणून माणूस म्हणतो हलकी घेऊ, खांद्याला धक्का कमी. पण ताकदीच्या सूत्रात वेगाचा वर्ग होतो, म्हणून हलकी वेगवान गोळी कागदावर तगडी दिसते. एल्कच्या खांद्यात ती किती जाईल हे तो आकडा सांगत नाही. त्यातही तो आकडा नळीच्या तोंडाशी मोजलेला. जनावर तिथे उभं नसतं.

म्यूल डिअरचा मोठा नर साधारण शंभर किलोच्या आगेमागे. त्याला १५० किंवा १६५ ग्रेनची साधी सॉफ्ट पॉइंट, म्हणजे आपली सॉफ्ट नोजच, पुरते. रेमिंग्टनची कोअर-लोक्ट १९३९ पासून हेच काम करते आहे, हॉर्नडीची इंटरलॉकही त्याच जातीची. एल्कचा नर तीनशे किलोचा, त्याहूनही मोठा. आपल्या रोहीच्या मोठ्या नरापेक्षा मोठं धूड. आणि तिथे अडचण अंतराची नाही, जवळिकीची आहे. पाइनच्या झाडीत एल्क तीस-चाळीस मीटरवर उभा ठाकतो, तेव्हा गोळीचा वेग जवळजवळ पूर्ण असतो आणि साधी गोळी खांद्याच्या हाडावर फुटते. १९४६ मध्ये जॉन नोस्लर नावाच्या शिकाऱ्याचं कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात मूस या अवाढव्य हरणावर हेच झालं. वेगवान ३०० मॅग्नम काडतूस, जवळचं अंतर आणि गोळ्या आत जाईनात. त्याने घरी येऊन गोळीच्या मधोमध जॅकेटचीच आडवी भिंत ठेवली. पुढचं शिसं उमलतं, झडतं, पण भिंतीमागचं तसंच राहून गोळीला पुढे ढकलतं. ती नोस्लर पार्टिशन आजही विकली जाते. आमच्या तपासणी खात्यात आयुष्यभर न उमलणाऱ्या गोळ्याच पाहिलेल्या मला या बांधणीचं फार कौतुक वाटतं. इतकी साधी गोष्ट आणि इतकं मोठं काम.

त्यानंतर दोन वाटा निघाल्या. एक बॉण्डेड गोळी : शिसं जॅकेटला धातूनेच जोडून टाकायचं म्हणजे ते वेगळे होत नाहीत. नोस्लरची अ‍ॅक्युबॉण्ड, फेडरलची ट्रॉफी बॉण्डेड या त्यातल्या. स्विफ्टची ए-फ्रेम भिंतही ठेवते आणि जोडतेही. दुसरी वाट अख्ख्या तांब्याची, शिसं अजिबात नाही. बार्न्सने ती १९८० च्या दशकात रुजवली. टोकाच्या पोकळीपासून चार पाकळ्या मागे वळतात आणि वजन जवळजवळ सगळं शिल्लक राहतं. तांबं शिशापेक्षा हलकं असल्याने तितक्याच वजनाची गोळी लांब होते, म्हणून तांब्याची घेताना एक पायरी हलकी घ्यायची : १८० च्या जागी १६५ किंवा १५०. खोली कमी पडत नाही. अडचण दुसऱ्या टोकाला येते. तांबं कडक असतं, लांबवर वेग उतरला की ते उमलायला कुरकुर करतं. प्रत्येक कंपनी आपल्या गोळीचा किमान वेग देते, बहुतेकांचा १६०० ते २००० फुटांच्या दरम्यान. तो वाचून त्या वेगापर्यंतचं अंतर काढायचं, आणि तीच आपली हद्द.

शिशाचा प्रश्नही आहे. वेगवान शिशाची गोळी फुटली की बारीक कण जखमेपासून वीतभर लांबपर्यंत मांसात पसरतात, डोळ्यांना दिसत नाहीत. तिकडे ते मांस घरी शिजतं, पोरंबाळं खातात. टाकलेली आतडी पक्षी खातात. कॅलिफोर्नियाने कोंडोर गिधाडांपायी १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद केल्या. कोलोरॅडोत तशी सक्ती नाही, पण घरात लहान मूल असेल तर मी तांब्याचीच घेईन.

तेव्हा भावाला सांगा, दोन जनावरांसाठी दोन गोळ्या बाळगू नकोस. हरणाची आणि एल्कची वेगवेगळी काडतुसं एकाच खिशात म्हणजे थंडीत बधिर बोटांनी नेमकं नको ते भरलं जाणार, आणि दोन्हींचा नेमही एका जागी बसत नाही. एल्कला पुरणारी एकच निवड : १८० ची पार्टिशन किंवा अ‍ॅक्युबॉण्ड, नाहीतर १६५-१६८ ची तांब्याची. हरणावर ती थोडी कमी उमलेल, आरपार जाईल, पण फुप्फुसातून गेली तर हरिण लांब जात नाही. अंतर ३०० यार्डांपर्यंत. तिथे १८० ग्रेनची टोकदार गोळी अजून दोन हजार फुटांच्या वर असते. त्यापुढे गोळीचा दोष नसतो, वाऱ्याचा आणि आपल्या हाताचा असतो.

तिथला नियम हरणाला निदान ७० आणि एल्कला ८५ ग्रेनची उमलणारी गोळी, बोअर पॉइंट २४ किंवा मोठा आणि १०० यार्डांवर १००० फूट-पौंड असा आहे. ३०-०६ यातून सहज पास होते, त्याबद्दल चिंता नको. हंटर एज्युकेशनचं, म्हणजे शिकारीच्या प्रशिक्षणाचं, कार्ड मात्र आधी काढावं लागेल, १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला ते लागतं. अंगावर ५०० चौरस इंच झळझळीत केशरी किंवा गुलाबी कापड आणि डोक्याला त्याच रंगाची टोपीही सक्तीची आहे. काडतुसं घेताना दोन-तीन जातींचं एकेक खोकं घेऊन रेंजवर झाडून बघायचं. रायफलला कुठली गोळी मानवते हे रायफलच सांगते, महाग तीच बसेल असं नाही. तांब्याच्या आणि शिशाच्या गोळ्या आलटून पालटून झाडताना मध्ये नळी तांबं काढणाऱ्या द्रावणाने नीट साफ करायची, नाहीतर गोळ्या एका जागी न बसता पसरतात आणि दोष गोळीच्या माथी येतो. जी बसली तिच्या एकाच लॉटची खोकी उचलायची.

याहून मोठं जनावर म्हणजे आफ्रिकन म्हैस वगैरे, तो वेगळा विषय. तिथे ३७५ एच अँड एच हे मोठं काडतूस, ३०० ग्रेनची गोळी, आणि कवटी किंवा खांदा फोडायला न उमलणारी सॉलिड. तुम्हा दोघांनाही त्याची गरज नाही. मजेची गोष्ट एकच : आपली रोही गेल्या शतकाच्या पूर्वार्धात टेक्सासच्या किंग रँचवर सोडली गेली, आणि आज तिथले शिकारी तिला एल्कपेक्षा चिवट मानून बॉण्डेड किंवा तांब्याच्या जड गोळ्या वापरतात. म्हणजे तुमच्या मक्यातलं जनावर तुमच्या भावाच्या एल्कपेक्षा सोपं नाही, आणि तुमच्याकडे निवडीला फक्त सॉफ्ट नोज. म्हणूनच अंतर आणि कोन यावर मी इतका अडून बसतो.

आता आपल्याकडची एक गोष्ट, जी कुठल्याच गोळीच्या कॅटलॉगमध्ये नसते. तापीच्या खोऱ्यातलं वावर सपाट. मागे टेकडी नाही, मातीचा बांध नाही. गोळी चुकली किंवा आरपार गेली तर दोन-तीन किलोमीटरपर्यंत जीव घेऊ शकते. आणि शेतीची लाईट बऱ्याचदा रात्रीची असते. म्हणजे तुम्ही ज्या वेळी बसणार, त्याच वेळी शेजारच्या केळीत मजूर पाण्याचे कॉक फिरवत असणार, बहुधा बॅटरी न लावता. म्हणून जमिनीवरून झाडायचंच नाही. बारा-पंधरा फूट उंच माळा बांधा आणि गोळीची दिशा खाली मातीत जाईल अशाच बाजूला बसा. आपल्या काळ्या मातीत गोळी रुतते, पण नाल्याच्या काळ्या दगडावरून उसळते. संध्याकाळीच आजूबाजूच्या सगळ्या शेतकऱ्यांना फोन करून कोण कुठे पाणी भरतंय ते विचारून घ्या, वनरक्षकाला सोबत बसवा. कळपात एकामागे एक जनावरं असतील तर थांबा. ३१५ ची गोळी मऊ जागी लागली तर पलीकडच्या मादीतही जाते, आणि परवाना एकाचाच असू शकतो.

माळ्यावर चढण्याआधी नळीतलं आणि चेंबरमधलं तेल कोरड्या फडक्याने पुसा. तेलकट नळीची पहिली गोळी भलतीकडे जाते. नेम बसवून घ्यायचं काम वावरात नाही, रायफल क्लबमध्ये किंवा पोलिसांच्या रेंजवर रीतसर परवानगी काढून करा, आणि ज्या लॉटची काडतुसं रात्री वापरणार त्याच लॉटची तिथे झाडा. परवान्यावर वर्षाला किती काडतुसं मिळतात हे लिहिलेलं असतं, त्यातली पाच-सात यावर खर्च झाली तरी ती वाया गेली असं समजू नका. झाडलेल्या प्रत्येकाची नोंद आणि रिकामी केस सांभाळून ठेवा, हिशेब मागितला जातो.

गोळी लागल्यावर खाली उतरायची घाई नको. अर्धा तास माळ्यावरच. जखमी डुकराच्या मागे रात्री केळीत शिरणं म्हणजे दोन हातांवर काही दिसत नसताना सुळ्यांसमोर जाणं. जिथे लागली तिथे फांदी रोवा, पळालेली दिशा ध्यानात ठेवा, उजाडल्यावर वनकर्मचाऱ्यांसोबत माग काढा. रक्त फेसाळ आणि गुलाबी असेल तर फुप्फुसात लागली आहे, जनावर जवळच मिळेल. गडद आणि त्यात चाऱ्याचा वास असेल तर पोटात लागली आहे. मग आणखी काही तास थांबा आणि माणसं वाढवा.

शेवटी तुम्ही विचारलंत की भाऊ दिवाळीला येताना तिकडच्या चांगल्या गोळ्या आणू शकेल का. नाही. परवान्याशिवाय एकही काडतूस देशात आणणं शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, आणि ३०-०६ चं काडतूस तुमच्या ३१५ मध्ये बसतही नाही. उलट त्याला एवढं नक्की सांगा : रेंजवर नेलेली बॅग किंवा जॅकेट प्रवासाला वापरू नको, आणि वापरलंच तर प्रत्येक खिसा उलटा करून झटक. अस्तरात विसरलेलं एक काडतूस विमानतळाच्या एक्स-रेमध्ये दिसलं की सुट्टी पोलीस ठाण्यात आणि कोर्टाच्या तारखांत जाते.